मापाचं हसू

कवळी करायची म्हटलं की आपण एकच प्रश्न विचारतो, ‘नीट चावता येईल ना?’ पण पुढचे ते सहा दात आपला चेहराही ठरवत असतात. ते कोण निवडतं, कशावरून निवडतं आणि त्यात आपण काही बोलायचं असतं की नाही?

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. मुलुंडला आतेभावाकडे आम्ही सगळे जमलो होतो. फराळ झाला, ओवाळून झालं आणि मग नेहमीप्रमाणे फोटोची टूम निघाली. सगळे दाटीवाटीने सोफ्यावर बसले. ‘आजी, हस ना!’ धाकटी नात ओरडली आणि आत्याने चटकन पदर तोंडावर घेतला. फोटोत सगळ्यांचे चेहरे आले, आत्याचे फक्त डोळे आले.

मला ते खटकलं. कारण माझी आत्या म्हणजे खळखळून हसणारी बाई. वाईला तिच्या घरी सुटीत राहायला गेलं की बाहेरच्या ओट्यापर्यंत तिचं हसू ऐकू यायचं. पटाशीच्या दोन दातांमध्ये बारीकशी फट होती. ‘पैसा राहत नाही म्हणतात फटीतून, पण हसू भरपूर येतं,’ असं ती स्वतःच म्हणायची. आता तिला एकही दात नाही. वरची-खालची अशी पूर्ण कवळी आहे. आणि ती कवळी आल्यापासून तिचं हसणंच थांबलंय.

स्वयंपाकघरात ताटं विसळताना मी हळूच विषय काढला. आधी म्हणाली, ‘कुठे काय, बरी आहे की.’ मग नळ बंद केला आणि म्हणाली, ‘अगं, हे माझं तोंडच नाही. आरशात बघितलं की कुणी दुसरीच बाई आपल्याकडे बघतेय असं वाटतं. भजनी मंडळात जायचं सोडलं मी. कवळी पडेल म्हणून नाही गं, दिसेल म्हणून.’

हे ऐकल्यावर मला राहवेना. 

घाईची कवळी

आत्याचे दात काही एका दिवसात गेले नाहीत. वर्षानुवर्षं ती मिश्री लावायची. आमच्या सातारा भागातल्या कितीतरी बायका अजून लावतात. तंबाखू भाजून केलेली ही मिश्री दात स्वच्छ करते असं वाटतं, प्रत्यक्षात ती हिरड्यांचं नुकसान करते आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढवते. दात दुखला की लवंग धरायची, हलायला लागला की काढून टाकायचा. घरातल्या सगळ्यांची दुखणी झाली की मग आपलं, हा आपल्याकडे बायकांचा नियमच! साठी ओलांडेपर्यंत तिचं तोंडाचं बोळकं झालं.

मग आतेभाऊ म्हणाला, ‘आई, मुंबईला ये, इथे कवळी करू.’ ती मे महिन्यात आली. आठवडाभरात परत जायचं होतं, कारण घरी पापड-कुरडयांचं काम पडलं होतं. जवळच्याच एका दवाखान्यात माप दिलं, दोन-तीन खेपा झाल्या, कवळी तोंडात बसली. आरसा समोर धरला तेव्हा तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पण डॉक्टर घाईत, मुलाची ऑफिसची वेळ झालेली. ‘छान दिसतेय,’ मुलगा म्हणाला. ‘बरी आहे,’ आत्या म्हणाली. गाडी पकडून वाईला गेली.

‘तेव्हाच का नाही बोललीस?’ मी विचारलं.

‘या वयात दात कसे दिसतात म्हणून हट्ट करायचा का? लोक काय म्हणतील?’

मैत्रिणींनो, हे वाक्य आपण किती जणींच्या तोंडून ऐकलंय! 

ब्लाउजचं माप आणि दाताचं माप

दिवाळीनंतर मी आत्याला मुंबईतच थांबवून घेतलं. घाटकोपरला एक डॉक्टरबाई आहेत, कृत्रिम दात बसवण्यातच त्यांनी पुढचं शिक्षण घेतलंय. अशा तज्ज्ञांना ‘प्रोस्थोडॉन्टिस्ट’ म्हणतात. मुलुंडहून स्लो लोकलने आम्ही गेलो. आत्या पूर्ण प्रवासभर पुटपुटत होती, ‘उगाच खर्च. चालतंय की हे.’

डॉक्टरबाईंनी तोंड उघडायला सांगण्याआधी तिच्याशी पंधरा मिनिटं नुसत्या गप्पा मारल्या. जेवायला काय आवडतं, कुठे राहता, दात होते तेव्हा कसे होते. मग एक पट्टी आणि मोठ्या कंपाससारखं एक मोजायचं साधन काढलं आणि चक्क चेहऱ्याची मापं घ्यायला सुरुवात केली. दोन गालांच्या हाडांमधलं अंतर. केसांच्या कडेपासून हनुवटीपर्यंतची लांबी. नाकाची रुंदी. डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर.

‘अहो डॉक्टर, दात तोंडात बसवायचेत, डोळे कशाला मोजताय?’ आत्याने विचारलंच.

डॉक्टर हसल्या. ‘काकू, तुम्ही ब्लाउज शिवायला टाकता तेव्हा टेलर काय म्हणतो? मापाचा जुना ब्लाउज आणा. तुमचा जुना ब्लाउजच हरवलाय! तुमचे दातच राहिले नाहीत, मग ते केवढे होते ते मला कसं कळणार? म्हणून अंगाचं माप घ्यायचं.’

मला तर हे एकदम पटलं. दात एकदा गेले की त्यांच्याबरोबर त्यांचा आकारही जातो. हिरडीवरून कळत नाही. दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजत जातं, ओठ आत जातात. मग चेहऱ्यावरचं असं काही शोधायचं, जे वयाबरोबर फारसं बदलत नाही आणि ज्याचा दातांच्या आकाराशी काही मेळ आहे. दंतवैद्यकात गेली शंभराहून अधिक वर्षं हाच शोध चाललाय.

आणखी एक गोष्ट मला तिथेच कळली. कवळीतले दात आपल्यासाठी कुणी नव्याने घडवत नाही. बहुतेक वेळा ते तयार मिळतात, अॅक्रिलिकचे, सेटमध्ये. पुढच्या सहा दातांचा एक सेट, मागच्या आठ दाढांचा एक सेट. वेगवेगळ्या रुंदीचे, लांबीचे, आकाराचे आणि रंगाचे. बांगड्या कशा सव्वादोन, अडीच अशा मापात येतात, तसेच. कासाराने हात बघून माप ओळखावं लागतं, इथे डॉक्टरने चेहरा बघून. कासार चुकला तर बांगडी हातात जात नाही, लगेच कळतं. डॉक्टर चुकला तर दात तोंडात बसतात, पण बाई बदलते!

सोळावा हिस्सा

डॉक्टरबाईंनी मापं कागदावर लिहिली आणि आम्हाला गणित समजावून सांगितलं. ते इतकं सोपं होतं की आत्यालाही समजलं.

सगळ्यात जुना हिशेब सोळाव्या हिश्श्याचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तो वापरात आहे. दोन गालांच्या हाडांमधल्या रुंदीला १६ ने भागलं की वरच्या पुढच्या एका दाताची साधारण रुंदी मिळते. आत्याचं माप आलं १२८ मिलिमीटर. म्हणजे दात ८ मिलिमीटरचा. त्याच रुंदीला ३.३ ने भागलं की पुढच्या सहाही दातांची मिळून रुंदी येते, म्हणजे साधारण ३९ मिलिमीटर. काही जण डोक्याचा घेर मोजून त्याला १३ ने भागतात, त्यातूनही सहा दातांचीच रुंदी काढतात.

मग नाक. दोन्ही नाकपुड्यांच्या बाहेरच्या कडांपासून सरळ खाली रेषा ओढल्या तर त्या वरच्या सुळ्यांच्या आसपास येतात. घरी आरशात बघा हवं तर, मी त्याच रात्री बघितलं! तोंड मिटलं असताना ओठांचे कोपरे जिथे येतात, तिथे सुळ्यांची मागची बाजू संपते. दात लावण्याआधी हिरड्यांवर मेणाची एक कड बसवतात, तिच्यावर या सगळ्या खुणा करतात. आपण मोठ्याने हसलो की वरचा ओठ जिथपर्यंत जातो तिथे आणखी एक रेघ. दाताची लांबी त्यावरून ठरते, म्हणजे हसताना गुलाबी प्लॅस्टिकची हिरडी उघडी पडत नाही.

आणि डोळे? चष्मा करताना चष्मेवाला आपल्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजतो ना, तेच माप. मोठं झाल्यावर ते फारसं बदलत नाही, म्हणून ते भरवशाचं. १९८४ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की या अंतराला ६.६ ने भागलं तर पुढच्या दाताची रुंदी मिळते. आत्याचं अंतर होतं ५८ मिलिमीटर. भागाकार आला पावणेनऊच्या थोडा वर.

‘आता आली का पंचाईत?’ डॉक्टर म्हणाल्या. ‘गाल म्हणतात आठ, डोळे म्हणतात पावणेनऊ. कुणाचं ऐकायचं?’

मग त्यांनी आत्याच्या जुन्या कवळीतला पुढचा दात मोजला. साडेनऊ मिलिमीटर! कुठल्याच हिशेबात न बसणारा. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, एक-दीड मिलिमीटरने काय होतं? पण ओळीने सहा दात तेवढ्याने वाढले की लहानशा चेहऱ्यात ते फळीसारखे दिसतात. आत्याला वाटत होतं ते मनाचे खेळ नव्हते. पट्टीवर दिसत होतं ते.

‘बघ, मी म्हणत होते ना!’ ती माझ्याकडे बघून म्हणाली. सहा महिन्यांत पहिल्यांदा तिच्या आवाजात जोर आला.

उलटा चेहरा, आणि बायकांचे ‘नाजूक’ दात

रुंदी ठरली तरी आकार उरतोच. त्याचीही एक गंमतशीर गोष्ट आहे. लंडनमध्ये काम करणारे लिऑन विल्यम्स नावाचे एक अमेरिकन दंतवैद्य होते. त्यांनी १९१४ साली मांडलं, की माणसाचा पुढचा दात उलटा धरला तर तो त्याच्या चेहऱ्याच्या आकाराचा दिसतो. चेहरा चौकोनी तर दात चौकोनी, हनुवटीकडे निमुळता तर दातही हिरडीकडे निमुळता, लांबट गोल तर दातही तसाच. त्याआधी कृत्रिम दात बरेचसे एकसारखे असायचे. विल्यम्स यांच्या कल्पनेवरून कंपन्यांनी तीन घराण्यांचे दात काढले आणि डॉक्टरांना निवडायला काहीतरी आधार मिळाला. आजही दातांचे सेट निवडताना हे तीन आकार बघतात.

पुढे १९५० च्या दशकात फ्रश आणि फिशर या अमेरिकन दंतवैद्यांनी आणखी एक मुद्दा आणला. त्यांचं म्हणणं, दात निवडताना माणसाचं वय, स्वभाव आणि तो पुरुष की बाई हेही बघा. बाईचे दात कोपऱ्यांना गोलसर, नाजूक. पुरुषाचे चौकोनी, दणकट. वय झालेल्या माणसाला थोडे झिजलेले दात द्या, त्याला पंचविशीतले शुभ्र दात देऊ नका. यातला वयाचा मुद्दा फार मोलाचा. पण गोलसर म्हणजे बायकी हे काही खरं ठरलं नाही. नुसत्या दातांचे फोटो दाखवून ‘ही बाई की पुरुष’ असं विचारलं, तेव्हा दंतवैद्यांनाही ते नीट ओळखता आलं नाही. उलटा चेहरा आणि दात यांचा मेळही नंतरच्या अभ्यासांत पुष्कळदा बसलाच नाही.

मी ज्या १९८४ च्या अभ्यासाबद्दल सांगितलं, त्यातही एक मेख आहे. ६.६ हा आकडा गोऱ्या स्त्रियांना, गोऱ्या पुरुषांना आणि कृष्णवर्णीय पुरुषांना लागू पडला. कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये मात्र तो ७ निघाला! म्हणजे एकाच देशातल्या माणसांना एक भागाकार चालत नाही. मग तोच आकडा वाईच्या आत्याला जसाच्या तसा कसा चालेल? नाकाची रुंदीही सगळीकडे सारखी नसते. म्हणूनच आपल्याकडच्या दंत महाविद्यालयांत विद्यार्थी आपल्याच लोकांची मापं घेऊन हे हिशेब पडताळून बघतात. बोटांच्या लांबीवरून नाक आणि हनुवटीमधलं अंतर किती असावं, याचाही अंदाज घेऊन बघितलाय. ते अंतर कवळीत महत्त्वाचं. जास्त झालं तर बोलताना दात एकमेकांवर खटखट वाजतात, कमी झालं तर गाल बसतात आणि ओठांचे कोपरे चिरतात.

मापं घेण्याची ही गोष्ट निघाली की मला इरावतीबाई कर्वे आठवतात. ‘युगान्त’ आपण वाचलेलं असतं, पण माणसांची डोकी, नाकं, चेहरे मोजण्याचं शास्त्र त्या शिकल्या होत्या आणि महाराष्ट्रात त्यांनी अशी कितीतरी मापं घेतली होती. तरुणपणी बर्लिनला त्यांनी डॉक्टरेट केली, ती माणसाच्या कवटीच्या दोन बाजू किती असमान असतात या विषयावर. त्यांचे प्राध्यापक ऑयगेन फिशर यांची अपेक्षा होती, की गोऱ्या लोकांच्या कवट्या या बाबतीत वेगळ्या निघतील. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा काही फरक दिसत नाही असं लिहून मोकळ्या झाल्या. कुणाचाही चेहरा दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा नसतो, ही त्यातली साधी गोष्ट. माप जरूर घ्यावं. पण आपल्याला हवं तेच उत्तर त्याच्याकडून वदवून घेऊ नये.

डॉक्टरबाईंचंही तेच म्हणणं होतं. ‘माप मला दुकानाच्या कुठल्या फळीवर शोधायचं तेवढं सांगतं. साडी तुम्हीच निवडायची, काकू.’

फोटोची शोधाशोध

‘दात दिसतील असा जुना फोटो आणा,’ असं सांगून त्यांनी आम्हाला परत पाठवलं. आणि खरी मजा इथे सुरू झाली. आत्याचा लग्नातला फोटो काढला, तर ओठ घट्ट मिटलेले! त्या काळी नवरीने फोटोत दात दाखवायचे म्हणजे काय? बारशाचा फोटो, मान खाली. सत्यनारायणाचा फोटो, चेहरा गंभीर. तीस-चाळीस वर्षांच्या अल्बममध्ये हसणारी आत्या कुठेच नव्हती. जी बाई आम्हाला हसताना आठवते, ती कॅमेऱ्यासमोर कधी हसलीच नव्हती.

शेवटी माझ्याच मुंजीच्या... नव्हे, माझ्या भावाच्या मुंजीच्या फोटोंत एक सापडला. मातृभोजनाला बसलेल्या मुलाने कुणाला तरी काहीतरी म्हटलंय आणि मागे उभी असलेली आत्या तोंड उघडून हसतेय. फोटो पिवळा पडलेला, पण दात स्पष्ट. आणि ती फट!

शिवाय डॉक्टरांनी विचारलं होतं, सख्ख्या बहीणभावांपैकी कुणाचे दात शाबूत आहेत का? माझे बाबा म्हणजे तिचा सख्खा भाऊ. बहात्तरीतही त्यांचे पुढचे दात जागेवर आहेत. पुढच्या खेपेला बाबा बोरिवलीहून घाटकोपरला आले. अंधेरीपर्यंत लोकल आणि तिथून मेट्रो. डॉक्टरांनी त्यांचाही पुढचा दात मोजला. साडेआठला थोडा कमी! गालाचे आठ आणि डोळ्यांचे पावणेनऊ, दोन्हींच्या मधोमध. ‘आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या उपयोगी पडलो बघ,’ बाबा म्हणाले. आत्या पदर न घेता हसली.

‘फट ठेवायची का?’ डॉक्टरांनी विचारलं. ‘हल्ली बऱ्याच जणी म्हणतात, आता करतोच आहोत तर सगळे सरळ, पांढरेशुभ्र करा.’

आत्याने माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. मी काही बोलणार तेवढ्यात डॉक्टर म्हणाल्या, ‘नाही, त्यांना बोलू द्या.’

‘ठेवा,’ आत्या म्हणाली. ‘बारीकशी. होती तेवढीच.’

मेणातले दात

सगळ्यात महत्त्वाची खेप ही असते, आणि नेमकी तीच आपण घाईत उरकतो. कवळी पक्की होण्याआधी दात मेणात बसवून तोंडात लावून बघतात. याला ‘ट्राय-इन’ म्हणतात. मेण आहे तोवर दात पुढे-मागे करता येतो, तिरका करता येतो, बदलतासुद्धा येतो. एकदा अॅक्रिलिक पक्कं झालं की मोठा बदल करायचा म्हणजे जवळजवळ नवीन कवळीच.

डॉक्टरांनी आत्याच्या हातात मोठा आरसा दिला आणि तिला खिडकीपाशी नेलं. दातांचा रंग दिवसाच्या उजेडात बघायचा, ट्यूबलाइटखाली नाही. चेहरा हातभर लांबून बघायचा, आरसा नाकाला लावून नाही. ‘सासष्ट, सदुसष्ट’ म्हणायला लावलं, ‘विहीर’, ‘फोन’, ‘व्हरांडा’ म्हणायला लावलं. ‘स’ म्हणताना शिट्टी वाजत नाही ना, ‘व’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला नीट टेकतात ना, हे त्यावरून कळतं.

‘अभंग म्हणू का?’ आत्याने विचारलं. आणि दवाखान्याच्या त्या खिडकीत उभी राहून, मेणातले दात सांभाळत, तिने चार ओळी गुणगुणल्या. बाहेर बसलेल्या दोघी-तिघी डोकावून गेल्या.

‘डावीकडचा हा दात जरा जास्तच सरळ वाटतो,’ ती म्हणाली. डॉक्टरांनी फोटो बघितला, दात किंचित वळवला. ‘आता?’

आत्या कितीतरी वेळ आरशात बघत राहिली. मग म्हणाली, ‘आता मी आहे.’

लगेच सगळं छान झालं असं नाही हं! नवी कवळी बसल्यावर पहिले आठ-दहा दिवस हैराणीचेच गेले. हिरडीला एका जागी टोचत होतं, ते दोनदा जाऊन घासून घ्यावं लागलं. तोंडाला पाणी सुटायचं, मऊ भात नि वरणावर दिवस काढले. खालची कवळी अजूनही कधीकधी हलते. जबडा झिजला असेल तर खालची कवळी हलतेच, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. भाकरी ती दुधात कुस्करूनच खाते. चणे-फुटाणे तर विसरायचेच. कवळी ही शेवटी कवळीच, निसर्गाने दिलेले दात ते दात!

पण संक्रांतीला ती वाईला परत गेली आणि पुढच्याच आठवड्यात भजनी मंडळातल्या शेजारणीचा मला फोन आला. ‘तुझी आत्या आली बरं का परत. आणि काय गं, तिचे दात उगवले की काय पुन्हा?’

छोट्या गावातल्या मैत्रिणींसाठी

आपल्याकडे कितीतरी जणी ‘मुलाकडे मुंबईला गेलो की दात करू’ असं म्हणतात. जरूर करा, पण आठ दिवसांच्या पाहुणपणात नको. माप, दुसरं माप, मेणाची कड, ट्राय-इन आणि पक्की कवळी, अशा चार-पाच खेपा होतात. त्यानंतर टोचतं-बोचतं ते दुरुस्त करून घ्यायला आणखी दोन-तीन. महिना-दीड महिना हाताशी हवाच.

मुंबईतच जायला हवं असंही नाही. कमी खर्चात करायचं तर दंत महाविद्यालयांची रुग्णालयं चांगली. मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय १९३३ पासून आहे, मुंबई सेंट्रल स्टेशनपासून जवळ. शासकीय दंत महाविद्यालय सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात, सीएसएमटीला लागून. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. कराड, सांगली, लोणी, लातूर, वर्ध्याजवळचं सावंगी इथेही दंत महाविद्यालयं आहेत. तिथे खेपा जास्त होतात, शिकाऊ डॉक्टर काम करतात, पण त्यांच्या पाठीशी अनुभवी शिक्षक असतात. माप मात्र सावकाश, नीट घेतलं जातं. बाजारात किंवा रस्त्याकडेला बसून ‘एका दिवसात कवळी’ लावून देणाऱ्यांकडे चुकूनही जाऊ नका.

कवळी करायला जाताना

- दात काढण्याआधीच, आहेत तसे, हसतानाचा एक स्पष्ट समोरून फोटो काढून ठेवा. आई-सासूबाईंचाही आजच काढा.
- दात आधीच गेले असतील तर जुना हसरा फोटो शोधा. नाही मिळाला तर सख्ख्या बहीणभावाला किंवा ज्याचे दात तुमच्यासारखे आहेत अशा मुलाला-मुलीला सोबत न्या.
- जुनी कवळी असेल तर बरोबर न्या. त्यात काय आवडायचं आणि काय नाही, ते सांगा.
- दात वेडेवाकडे होते, फट होती, एक पुढे होता, तर ते तसं हवंय की नकोय, हे आधी ठरवा आणि स्पष्ट सांगा.
- दातांचा रंग दिवसाच्या उजेडात निवडा. त्या दिवशी लिपस्टिक नको. साठीच्या चेहऱ्याला एकदम पांढरेशुभ्र दात परके वाटतात.
- ट्राय-इनच्या दिवशी तुमच्या मनातलं मोकळेपणाने सांगेल अशी एखादी मैत्रीण किंवा बहीण सोबत न्या. मोठा आरसा मागा. बसून, उभं राहून, बोलून, हसून बघा. मनाला पटेपर्यंत ‘हो’ म्हणू नका.
- रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवा. गरम पाण्यात नको, आकार बिघडतो. मऊ ब्रश आणि साध्या साबणाने धुवा, टूथपेस्टने चरे पडतात.
- जबडा हळूहळू झिजत जातो. त्यामुळे वर्षातून एकदा दाखवा. सैल झालेली कवळी पावडर लावून वर्षानुवर्षं रेटू नका.

हल्ली संगणकावर चेहऱ्याचा फोटो टाकून त्यावर दात बसवून दाखवतात. मापं घेण्याची साधनं बदलली, पुढेही बदलतील. पण कुठल्याच पट्टीवर, कुठल्याच स्क्रीनवर आत्याची फट नव्हती. ती तिने स्वतः मागितली तेव्हा आली.

सगळ्या घरासाठी आपण निवडत असतो. भाजी निवडतो, तांदूळ निवडतो, सुनेसाठी साडी, नातवासाठी झबलं. आपल्या तोंडातले दात तेवढे दुसऱ्या कुणीतरी निवडावेत, हे काही बरोबर नाही. 

परवा आत्याने वाईहून फोटो पाठवलाय. भजनी मंडळाची सहल, मागे मेणवलीचा घाट. सगळ्याजणी हसतायत. आत्या मधोमध, आणि पदर खांद्यावर.